सर्व्हर सगळ्यांत शेवटी जागा होतो

श्रद्धा इंगोले वाशीमहून पुण्याला आली ती लग्न होऊन. नवरा आनंद मार्केट यार्डात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होता, घर धायरीला, दोन खोल्यांचं. बी.एस्सी. झालेली बाई नुसती घरात किती दिवस बसणार? कर्वेनगरच्या एका कॉलेजात तिला कॉम्प्युटर लॅबची असिस्टंट म्हणून घेतलं, त्याला यंदा नऊ वर्षं झाली. मात्र नेमणूक अकरा महिन्यांची. दर डिसेंबरात विभागप्रमुखांची सही झाली की पुढचे अकरा महिने मिळत. नाही झाली तर काय, हा प्रश्न तिने नऊ वर्षांत मोठ्याने कधी विचारला नव्हता.

विभागप्रमुख गोपाळकृष्ण सहस्रबुद्धे. सर हुशार होते, शिस्तीचे होते आणि बोलायला तिखट होते. लॅबच्या दारावर त्यांच्या हाताची पाटी होती : ‘शेवटी जाणाऱ्याने मेन स्विच बंद करावा. वीज कोणाच्याही वडिलांची नाही.’ शिपाई नागोराव मूळचे नांदेडकडचे. ते रोज सहा वाजता मेन पाडत आणि सकाळी साडेआठला वर करत. या कामात त्यांचा एक दिवस चुकलेला नव्हता.

दिवाळीची सुट्टी संपून सोमवारी कॉलेज उघडलं आणि पहिल्याच तासाला मुलं ओरडायला लागली.

‘‘मॅम, लॉगिनच होत नाहीये!’’ स्वराली नावाची दुसऱ्या वर्षाची मुलगी म्हणाली. ‘‘पासवर्ड बरोबर आहे, आय स्वेअर. एक सेकंद काळं होतं आणि परत नाव विचारतं.’’

श्रद्धाने मुद्दाम चुकीचा पासवर्ड घालून पाहिला. मशीनने तो चूक असल्याचं सरळ सांगितलं. बरोबर घातला की मात्र काही न बोलता पडदा काळा व्हायचा आणि पुन्हा तेच नाव विचारणारं पान. म्हणजे मशीन मुलीला ओळखत होतं, पण आत घेत नव्हतं. तीस मशिनांपैकी एकोणतिसांची हीच गत. चालत होतं ते एकटं चौदा नंबरचं. दुपारपर्यंत मुलांनी त्याला हळदकुंकू लावून एक झेंडूचं फूल वाहिलं होतं.

सहस्रबुद्धे सर दारात येऊन उभे राहिले. ‘‘इंगोले बाई, मुलांना आत घ्यायचा विचार आहे, की उंबऱ्यावरच ओवाळून परत पाठवायचं?’’

‘‘बघते सर.’’

‘‘बघाच. शुक्रवारी विद्यापीठाची प्रॅक्टिकल आहे. बाहेरून परीक्षक येतायत. लॅब चालली नाही तर केंद्र दुसरीकडे जाईल. आणि मग लॅबच नाही तर लॅबला असिस्टंट कशाला, असं वर कुणीतरी विचारेल. मी विचारणार नाही. पण उत्तर मलाच द्यावं लागेल.’’

त्या लॅबची एक रीत होती. मूल ज्या मशीनवर बसे तिथे त्याचं काहीच नसे. सगळ्यांच्या फायली एकाच सर्व्हरवर, प्रत्येकाचा एक कप्पा. कुठेही बसा, आपला कप्पा वायरीवरून आपल्यासमोर येतो. श्रद्धाने जागा भरली आहे का पाहिलं, भरली नव्हती. नवीन नाव तयार करून पाहिलं, त्यालाही आत घेईना. शेवटी तिने चित्रांचा पडदा बाजूला ठेवला आणि नुसत्या अक्षरांच्या काळ्या पडद्यावरून आत शिरून पाहिलं. तिथे मशीन बोललं. तुमचा कप्पा सापडला नाही, असं एका ओळीत इंग्रजीत लिहून त्याने तिला तशीच आत घेतली.

हे वाचून तिला हायसं वाटलं. मंगळवारी तिने एकेक मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. कप्पे आले, मुलं आत गेली. चार वाजता ती सरांना सांगून आली, ‘‘झालं सर.’’

‘‘झालं म्हणजे झालं ना?’’

‘‘हो सर.’’

बुधवारी सकाळी पुन्हा एकोणतीस मशिनं तशीच. सरांनी नुसतं चष्म्यावरून पाहिलं. तिला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं. डबा तिने तसाच परत नेला. आनंदने विचारलं तर म्हणाली, ‘‘भूक नव्हती.’’ तो म्हणाला, ‘‘गाडी बंद पडली की आमचा ड्रायव्हर आधी विचारतो, सुरू कुणी केली होती?’’ तो सहज बोलला, पण तिच्या डोक्यात ते राहिलं.

गुरुवारी ती साडेआठच्या आधीच पोचली. नागोराव मेनपाशी उभे होते.

‘‘नागोराव, आज मी बघणार आहे. रोज करता तसंच करा.’’

‘‘म्या काय केलं मॅडम?’’ ते घाबरले.

‘‘काही नाही हो. वर करा मेन.’’

खटका वर गेला. मशिनं आपोआप सुरू झाली, कारण तीस बटणं दाबायला नकोत म्हणून तिनेच काही वर्षांपूर्वी तशी सोय केली होती. मिनिटाभरात नावं विचारणारी पानं उजळली. कोपऱ्यातला सर्व्हर मात्र अजून पंखा घरघरवत बसला होता. तो पूर्ण जागा व्हायला सहा मिनिटं लागली. तोवर मशिनांनी त्याच्याकडे कप्पे मागितले, उत्तर आलं नाही, आणि त्यांनी तो नाद सोडून दिला. पुन्हा मागायची त्यांना सवयच नव्हती.

आणि चौदा नंबर? ते काळंच होतं. त्याच्या आतला छोटा सेल गेला होता, म्हणून ते आपोआप सुरू होत नसे. मुलं आली की कुणीतरी नवाच्या पुढे बटण दाबायचं, आणि तोवर सर्व्हर उठलेला असायचा. श्रद्धा एकटीच हसली. नागोरावांना वाटलं, बाईंचं डोकं फिरलं.

‘‘हा सर्व्हर आधी शेजारच्या खोलीत होता ना?’’

‘‘हो की. सुट्टीत ती खोली परीक्षा विभागाला दिली. म्हणून हितं आणला. वायर ह्याच मेनवर टाकली. तवापासून हा बी रोज झोपतो.’’

अर्धं काम तिच्या हातातलं होतं. मशीन सुरू होताना नव्हे, तर मूल लॉगिन करेल तेव्हा कप्पा मागायचा, असं तिने दुपारपर्यंत तिसांनाही शिकवलं. परीक्षा निभावली असती. कुणाला काही सांगायची गरजही नव्हती. पण तिचं मन मानेना. सर्व्हरचा रोज संध्याकाळी असा वीज तोडून गळा आवळला, तर एक दिवस तो उठणारच नाही, आणि चारशे मुलांचं काम त्याच्याबरोबर जाईल. हे सांगायचं म्हणजे सरांच्या पाटीला चूक म्हणायचं. आणि पुढच्या महिन्यात सही त्यांचीच.

ती केबिनमध्ये गेली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. नागोरावांचं नाव घेतलं नाही. ‘‘मेन बंद करायला सांगितलंय म्हणून होतंय सर. सर्व्हर वेगळ्या वायरीवर हवा, आणि तो बंद करायचा नाही. मंगळवारी मी झालं म्हटलं, तेही घाईचं होतं.’’

सरांनी हातातला पेपरवेट बाजूला ठेवला. ‘‘म्हणजे आजार मी दिला आणि औषध तुम्ही शोधलंत, असं म्हणणं आहे तुमचं?’’

‘‘आजार वायरीने दिला सर.’’

‘‘चांगलं बोलता की! नऊ वर्षं कुठे होतात?’’ त्यांनी फोन उचलला आणि इलेक्ट्रिशियनला बोलावलं. ‘‘आज. उद्या नव्हे, आज.’’

शुक्रवारी नऊ वाजता तीस मुलं बसली. परीक्षक श्रीनिवास केळकर घड्याळ बघत होते. श्रद्धा भिंतीशी उभी होती, हात पदराच्या टोकात गुंतवून. पडदे काळे झाले. आणि मग, एकामागून एक, कुणाचं डोंगराचं चित्र, कुणाचं मांजर, कुणाचा क्रिकेटवाला उघडत गेला.

‘‘बरं ठेवलंय हो,’’ केळकर म्हणाले. ‘‘कोण बघतं हे?’’

‘‘या बघतात. इंगोले बाई,’’ सहस्रबुद्धे म्हणाले. ‘‘तुम्ही पुढच्या वर्षी याल तेव्हाही याच असतील. चहा घेणार का?’’

श्रद्धाला ते नीट कळायच्या आतच मागच्या रांगेतून एक हात वर झाला.

‘‘मॅम, सॉरी... सुट्टीत पासवर्डच विसरलो.’’

‘‘आले,’’ ती म्हणाली, आणि लगबगीने निघाली.