टाकीसोबत कॉफी

गिऱ्हाइकाच्या घरात माझ्या थोरल्या साडूंइतका मुरून बसणारा दुकानदार या शहरात दुसरा झाला नाही, आणि आता होणारही नाही. मुकुंदवाडी स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं पाण्याच्या टाक्यांचं दुकान होतं. ती दुष्काळाची वर्षं होती. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं आणि शहर मात्र चहूकडं वाढत होतं. तेव्हा टाकी विकायला काही करावं लागत नव्हतं. तरी साडू प्रत्येक टाकीमागं एक कॉफीची पुडी द्यायचे आणि तिच्यावर त्या गिऱ्हाइकाची, फक्त त्याचीच, थट्टा करणारी चिठ्ठी चिकटवायचे. कारखान्यातली नोकरी सुटल्यावर मी त्यांच्या दुकानात बसू लागलो, तेव्हा हे काम माझ्याकडं आलं. मजकूर त्यांचा, अक्षर माझं.

"चहा सगळेच पाजतात," ते म्हणायचे. "चहा कोणाच्या ध्यानात राहतो? कॉफी लई दिवस राहती." स्वतः मात्र त्यांनी कॉफी कधी तोंडाला लावली नाही. जळजळ होते म्हणायचे.

चिठ्ठीचा त्यांचा एकच नियम होता. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बसल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. टाकी गच्चीवर चढली की आठ दिवसांत साडू गळती बघायच्या निमित्तानं जात. गळती दोन मिनिटांत बघून होई, पुढचा तासभर ते बसत. भिंतीवर काय लावलंय, दारात चपला किती, घरात कोणाचा आवाज चालतो, हे सगळं टिपून ते दुकानात येत आणि डोळे मिटून सांगत, "हां, लिही." पडेगावच्या एका काकूंनी टाकीच्या झाकणाला कुलूप घातलं होतं. त्यांना चिठ्ठी गेली : 'काकू, टाकीला कुलूप लावलंत, बरं केलंत. कॉफीच्या डब्याला लावू नका, मी परत येणार आहे.' महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या एका साहेबांनी झाकणाचे स्क्रू तीनदा मोजून घेतले होते. त्यांना लिहिलं : 'यात दाणे नसून पावडर आहे. मोजण्याचा त्रास घेऊ नये.' साहेबांनी ती चिठ्ठी म्हणे देवघराशेजारी लावली. मेंढ्यांच्या पाण्यासाठी टाकी नेलेला एक धनगर पुडी घेऊन दुकानात आला. "मला वाचता येत नाय. काय लिवलंय?" साडूंनी वाचून दाखवलं : 'मेंढ्यांना पाजू नये, जाग्या राहतील आणि तुम्हालाही जागवतील.' तो पायरीवर बसून पोट धरून हसला. "आधीच झोपू देत न्हाईत ओ," म्हणाला.

एकदा एक बाई पुडी परत घेऊन आल्या. "दादा, कॉफी दिली, पण करायला पाणी कुठंय?" दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पुडीला पाण्याची एक बाटली बांधली जाऊ लागली. लोक बाटली आधी सोडवून घ्यायचे आणि पुडी खिडकीत विसरायचे. साडूंना त्याचं वाईट वाटलं नाही. "चिठ्ठी वाचली ना?" एवढंच विचारायचे.

आता जे सांगायचं ते मी बरीच वर्षं टाळलं आहे.

एका उन्हाळ्यात साडू तापानं घरी पडून होते. शेंद्र्याच्या एका गिऱ्हाइकानं टाकीसाठी दिवसातून तीनदा फोन केला. "भाऊ, लवकर पाठवा, लई नड हाय." टाकी गेली. चिठ्ठीसाठी मला जायला हवं होतं. ऊन होतं, मी गेलो नाही. घाई करणारा नवरा म्हणजे मागं बायकोचा तगादा, असं मीच ठरवलं आणि दुकानात बसून लिहिलं : 'वहिनी, टाकी आली. आता तरी भाऊंना सुखानं झोपू द्या.' पुडी टेम्पोवाल्याबरोबर पाठवून दिली.

तिसऱ्या दिवशी तो माणूस स्वतः आला. डोकं भादरलेलं होतं. पुडी काउंटरवर ठेवून म्हणाला, "ती नाय आता. तेराव्याला पाहुणे येणार म्हणून टाकी पाहिजे होती. ही ठेवून घ्या." आवाज चढवला नाही. एवढं बोलून तो निघून गेला.

साडूंना कळलं तेव्हा त्यांनी अंथरुणावरूनच विचारलं, "तू गेला होतास ना त्याच्या घरी?"

"गेलो होतो दादा," मी म्हणालो. "पोर्चमध्ये पाच मिनिटं बसलो होतो. कोणी काही बोललं नाही."

ते उठून बसले. टोपी शोधली आणि म्हणाले, "गाडी काढ." ताप अंगात असताना ते माझ्या स्कूटरवर मागं बसून शेंद्र्यापर्यंत आले. त्या घराच्या पोर्चमध्ये, दारासमोरच, हार घातलेला बाईंचा फोटो होता. तिथं पाच मिनिटं बसलेल्या कोणालाही तो दिसला असता. साडूंनी फोटो पाहिला, शेजारची खुर्ची पाहिली. माझ्याकडं पाहिलं नाही. मग त्या माणसासमोर हात जोडून म्हणाले, "मी आजारी होतो. तुमच्या घरी न येता लिहिलं. चूक माझी हाय." मी फाटकाशी स्कूटर धरून उभा होतो आणि गप्प राहिलो.

परतताना ते एवढंच म्हणाले, "इथून पुढं मजकूरही तूच लिहायचा." त्यानंतर मी एकही घर चुकवलं नाही. पण शहर वाढत गेलं. मोठ्या इमारतींच्या टाक्या बिल्डर फोनवरून मागवू लागले, आणि बसायला पोर्चच उरले नाहीत. कॉफी बंद पडली, पुढं दुकानही. साडू थकले. दर रविवारी मी त्यांच्याकडं जात राहिलो. त्या खोट्याची कबुली जिभेवर यायची आणि मी पावसापाण्याचं बोलून उठायचो.

गेल्या रविवारी मी कॉफीची पुडी नेली. त्यांच्याच ओट्यावर बसून चिठ्ठी लिहिली, पुडीवर चिकटवली आणि त्यांच्या हातात दिली. 'दादा, शेंद्र्याला मी गेलो नव्हतो.'

त्यांनी ती लांब धरून सावकाश वाचली. मग पुन्हा वाचली.

"यात हसण्यासारखं काय नाय," ते म्हणाले.

"नाही."

"पण या वेळी घरी येऊन लिहिलीस." त्यांनी पुडी आत पाठवली. "दोन कप करायला सांग. जळजळ होती का नाय बघू."

त्यांनी अख्खा कप संपवला. चिठ्ठी तेवढी पुडीवरून सोडवून खिशात ठेवली होती.