सुरुंगाच्या वेळेची धार

फोन सलीमभाईंचा होता. शेजारच्या शेतातले, आत्याच्याच वयाचे. एरवी बांधावरून हाक मारल्यासारखं बोलणारा माणूस त्या दिवशी दबक्या आवाजात म्हणाला, "आपा गयी, भाई. आत्ताच. तुम्ही निघा." त्यांच्यामागं क्रशर चालू होता. खडी दळल्याची ती घरघर फोनमधूनही ऐकू येत होती. आत्या गेल्याची बातमी मला त्या आवाजातून शोधून ऐकावी लागली... याला आता महिना होऊन गेला.

सरूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. हैदराबादच्या पोलीस ॲक्शनच्या साली जन्मली, एवढीच तिच्या जन्माची नोंद. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी आली, ती कायमची. दौलताबाद ओलांडून पुढं, डोंगराच्या पायथ्याशी आमची शेतवस्ती. आजोबांनी जाताना दोन एकर आणि गोठा तिच्या नावावर केला. त्यावर तिनं कुणाची मिंधी न होता जन्म काढला. चार म्हशी, दहा-बारा कोंबड्या, आणि बांधावरच्या वडाला लागलेलं आग्या मोहोळ, ज्याला ती कुणाला हात लावू द्यायची नाही. मी शहरात नोकरीला लागलो, पुंडलिकनगरात घर केलं, तरी रविवारी तिच्याकडं जाणं चुकलं नाही. माझी आई लवकर गेली होती. मला शाळेत घातलं ते आत्यानं.

मग माझ्या थोरल्या भावानं, दादानं, डोंगराकडचं माळरान खडी क्रशरवाल्याला भाड्यानं दिलं. परवानगीसाठी लगतच्या खातेदारांची संमती लागत होती. लगतची खातेदार म्हणजे आत्या. दादाचं आणि तिचं पटत नव्हतं, म्हणून त्यानं कागद माझ्या हातात दिला. "तुझं ऐकती ती," म्हणाला. खरंच ऐकायची. तेव्हा तिचा चष्मा फुटलेला होता. "काय हाय रं यात?" तिनं विचारलं. "विहिरीवरच्या मोटारीच्या लाइनचं हाय, आत्या," मी म्हणालो. तिनं एकेक अक्षर कोरत सही केली आणि चहा टाकायला उठली. दादाशी वाकडं नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आणि वाटलं, थोडा आवाज होईल, त्यानं काय होतंय... थोडा आवाज!

सकाळी आठला मशीन सुरू व्हायचं. दुपारी एकला आणि संध्याकाळी पाचला सुरुंग. आधी भोंगा, मग जमीन हादरायची, पत्रे थरथरायचे. पहिल्याच उन्हाळ्यात मोहोळ उठून गेलं. ओढ्याकाठचे मोर दिसेनासे झाले. कोंबड्या कवच नसलेली, मऊ अंडी घालू लागल्या. पण खरे हाल म्हशींचे. पाचची वेळ धारेची. आत्यानं धार चारला आणली, तर म्हशींना भोंग्याची वेळ आधीच कळू लागली. कान ताठ करून, दाव्याला ताण देऊन उभ्या राहायच्या, पान्हा सोडायच्या नाहीत. आत्या कासेला तूप लावून अर्धा-अर्धा तास बसायची. एक म्हैस सातव्या महिन्यात गाभडली. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, "दचक्यानं होतं असं. इथून हलवा त्यांना." आत्या म्हणाली, "मला हलवा म्हणता का डोंगराला?"

ती सलीमभाईंना घेऊन तहसीलला गेली. क्रशर बंद करा म्हणून अर्ज दिला. तारखा पडत राहिल्या, शेवटी अर्ज फेटाळला गेला. त्या दिवशी तिथून ती थेट माझ्या घरी आली. तिनं पाणी घेतलं, "पोरं बरी हायत का?" विचारलं, आणि बसनं निघून गेली. तिला तो संमतीचा कागद दाखवला नसावा, असं मी मनाशी ठरवून टाकलं. माणूस किती सोयीनं विश्वास ठेवतो...

पुढं तिला झोप येईना, छातीत धडधड सुरू झाली. मी तिला पुंडलिकनगरला आणलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मंगल कार्यालय. लग्नसराई होती. तिसऱ्या दिवशी वरातीचा डीजे आमच्या खिडकीखाली थांबला. कपाटातली भांडी वाजायला लागली. आत्या पलंगाच्या कडेला दोन्ही हातांनी छाती धरून बसली होती. मी खाली जाऊन आवाज कमी करा म्हणालो, तर पोरं हसली. वर आलो तेव्हा तिनं पिशवी भरली होती. "सोड मला गोठ्यावर. तिथं निदान भोंगा तरी देतेत."

तीन म्हशी तिनं विकल्या. एक ठेवली. त्याच म्हशीची धार काढताना एका संध्याकाळी, भोंगा न देताच सुरुंग उडाला. म्हैस उसळली. आत्या दगडी गव्हाणीवर आपटली, खुबा मोडला. त्यानंतर एकवीस दिवस ती अंथरुणावर होती. प्रत्येक सुरुंगाला तिचं अंग गोळा व्हायचं आणि मोडलेलं हाड दुखून ती ओरडायची. दुपारी एकला आणि संध्याकाळी पाचला. बाविसाव्या दिवशी ओरडली नाही.

दहाव्याला क्रशरचा मालक आला. पांढरे कपडे, हातात हार. दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आजींच्या मानासाठी आज दिवसभर मशीन बंद ठेवलंय." लोकांनी माना डोलावल्या. मोठ्या मनाचा माणूस, म्हणाले.

मी उठून गोठ्यात गेलो. सलीमभाई धार काढत होते. इतकी शांतता मी त्या जागी कितीतरी वर्षांत ऐकली नव्हती. बादली फेसानं भरत आली होती. "आज पूरा दिया इसने," ते म्हणाले. "जिंदगीत आपानं एवढंच मागितलं होतं. एक दिवस गप बसा म्हणून."

माझ्यानं राहवेना. "सलीमभाई, तो संमतीचा कागद..."

"मालूम है," त्यांनी मान वर केली नाही. "तहसीलच्या साहेबानं आम्हाला सही दाखवली होती. आपानं ओळखली. बाहेर आल्यावर मला शपथ घातली, पोराला बोलू नका. म्हणाली, त्यानं यायचं बंद केलं तर मग मला कोण हाय?"

त्यांनी बादली उचलून बाजूला ठेवली, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला आणि निघून गेले. मी तिथंच उभा राहिलो. गव्हाणीच्या कडेला आत्याचा धारेला बसायचा पाट होता, मधोमध झिजून खोल गेलेला. त्यावर बसायची माझी छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मशीन सुरू झालं.