सहावा बोल्ट

सांजेला फिटरकाका गच्चीवर गेले की काकू खालूनच ओरडायच्या, "आली का माझी सवत?"

सवत म्हणजे उपग्रह. बावीस वर्षांपूर्वी कारखान्यात त्याच्या बुडाची कडी काकांनी सहा बोल्टांवर बसवलेली. पुढं तो बंद पडला. पण तिथं वर मेलेलं जाळता येत नाही की पुरता येत नाही. कोलांट्या खात पृथ्वीभोवती फिरायचा, अंगावर ऊन पडलं की लुकलुकायचा. काका मान दुखेस्तोवर बघत राहायचे.

कारखान्यात रीत अशी होती : बोल्ट ठरल्या जोरानं आवळायचा, मगच डोक्यावर लाल ठिपका लावायचा. ठिपका दिसला की दुसरं कुणी हात लावायचं नाही. काका चलाख. रंग वाळेपर्यंत कोण थांबतंय, म्हणून सहाही ठिपके आधीच देऊन ठेवायचे. त्या दिवशी आवळता आवळताच साहेबांची हाक आली. परत येऊन बघतात तर सगळीच डोकी लाल. पाच झाले एवढं पक्कं आठवत होतं; सहावा आवळला की राहिला? पुन्हा पाना न लावताच त्यांनी तपासणीच्या कागदावर सही ठोकली.

आता असले मेलेले उपग्रह खाली ओढून हवेत जाळायला यान निघणार होतं. पहिला नंबर ह्याचाच. काकांना मोहिमेच्या कार्यालयात बोलावलं. तिथली इंजिनियर पोरगी कागद पुढं सरकवून म्हणाली, "काका, यानाचा हात हीच कडी धरणार. पक्की आहे ना?"

कडी निखळली तर यान आदळणार, दोघांचा चुरा होणार आणि ते तुकडे बंदुकीच्या गोळीला मागं टाकत जिवंत उपग्रहांवर बसणार. काकांना नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"पाच बोल्टांची हमी देतो, पोरी."

"आणि सहावा?"

"ठिपका आहे. आवळलाय का, ते देवाला ठाऊक."

"बावीस वर्षं गप्प बसलात?"

"कुणी विचारलं नाही. आपणहून सांगायची छाती नव्हती."

तिनं कागद परत ओढून त्यावर काट मारली. "कडीला हात नको. जाळं टाकून धरू. सहा महिने लांबेल, लांबू दे."

काकांच्या छातीवरचा धोंडा उतरला. पिशवी उचलून ते दाराशी पोचले.

"थांबा काका. आधी ठिपके द्यायचे, हे तेवढ्या एकाच उपग्रहाला केलंत?"

काका माघारी येऊन खुर्चीत बसले. त्यांच्या हातचे आणखी नऊ वर फिरत होते.