नालबंदाचं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

मी वारूळवाडीचा. जन्मभर कॉलेजात इतिहास शिकवला आणि त्यात एका जर्मन इतिहासकाराचं वेड लागलं. जुन्या ग्रंथांतले फौजांचे आकडे तो सरळ मानत नसे. आधी रणांगण पाहा, म्हणे. एवढी माणसं तिथं मावतील का? खातील काय? आमच्याकडं घोडनदीकाठच्या एका माळावर पन्नास हजार स्वार लढले, असं गावोगाव सांगतात. मला ते तपासायचं होतं. पण कशाच्या जोरावर? दोन वर्षं अडून बसलो.

वाट दाखवली ती इमामभाईंनी. जुन्नरचे, पिढीजात नालबंद — घोड्या-बैलांना नाल ठोकणारे. अक्षरओळख नव्हती. माझ्याबरोबर माळावर आले आणि खडक बघून हसले.

"सर, ह्या दगडात नाल किती दिस टिकंल? आन एक माणूस दिसाला लई तर सहा घोड्यांना नाल ठोकंल. मंग नालबंद किती लागले असतील? लोखंड किती? ते कुटं लिवलंय का?"

कुठंच नव्हतं. माझं सगळं पुस्तक त्या प्रश्नावर उभं राहिलं — आणि मी लिहिलं, ‘माझ्या निरीक्षणानुसार’. विसरलो होतो? नाही. नालबंदाकडून शिकलो म्हटलं तर विद्वान हसतील, आणि शोधही माझा उरणार नाही — दोन्ही मनात होतं.

पुस्तक द्यायला गेलो. "आमचं नाव आलंय का वो?" त्यांनी विचारलं. मी — कसं सांगू — छापखान्याच्या नावावर बोट ठेवलं. "हे काय." त्यांनी त्या ओळीवरून हलकेच हात फिरवला. मग घरी येईल त्याला ते पान दाखवू लागले. वाचता येणारे काय म्हणत असतील?

एकदा बाजारात त्यांची सून रेहाना भेटली. "सर, मी वाचलंय ते पान," ती म्हणाली. "अब्बांना नाय सांगितलं. तुमीबी सांगू नका."

"छपाईत राहून गेलं," मी म्हणालो. ती पिशवी उचलून निघून गेली.

इमामभाई वारले. गेल्या वर्षी पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. प्रूफं तीन आठवडे माझ्याच टेबलावर होती. एक ओळ पुरली असती. मी ऱ्हस्व-दीर्घ तपासले आणि परत पाठवून दिली.