उन्हानं तापलेली कपाळं

हे म्या आजवर कोणाजवळच बोलली नाई. नवऱ्याजवळ नाई, जावेजवळ तर नाईच — तिच्यासाठीच तर केलं होतं. आता तुम्हाले सांगून राहिली, कारण राग पोटात मावेना. कोणाचा राग? माहाच, दुसऱ्या कोणाचा!

कोरोना पुरता गेला नव्हता, तवाची पंचायतीची निवडणूक. सौंसरजवळच्या आमच्या गावात शाळेच्या फाटकावर माही ड्यूटी होती — मी अंगणवाडीत आहे ना. हातात ताप पाहाची मशीन. नियम सोपा: कपाळ गरम निघालं का सावलीत बसवाचं, थोड्या वेळानं परत पाहाचं. तरी गरमच निघालं तर टोकन देऊन घरी धाडाचं, शेवटच्या घंट्यात मत टाकाले बोलवाचं.

जूनचं ऊन! ज्याचं त्याचं कपाळ तापलेलं. आमच्या नात्यातल्या बायका आल्या — त्यायले कडुनिंबाखाली बसवलं, पाणी पाजलं, मग मशीन लावली. पास! बौद्ध वस्तीतल्या बायका वावरात सरकी लावून पायी आल्या, त्यायले तसंच उन्हात उभं ठेवून मशीन लावली. दोनदा, लागोपाठ. टोकन!

काहून? पंचाच्या जागेले माह्या जावेसमोर त्याच वस्तीतल्या सुमनबाईची सून उभी होती. वस्तीतली बाई आमच्या बरोबरीनं खुर्चीवर बसंन — हे मले पाहवत नव्हतं. घ्या, बोलली एकदाची. इतकं घाण मन, आन वरतून तोंडाले मास्क लावून लोकायले नियम शिकवून राहिली होती. थू!

सुमनबाई एवढंच म्हणे, "ताई, ऊन लय आहे वो. घडीभर सावलीत बसू का?"

"नियम आहे बाई. जा घरी."

टोकन घेऊन गल्लीतून जाणं म्हणजे कोरोना झाला म्हणून गावभर सांगणंच. शेवटच्या घंट्यात दोघी-तिघीच परत आल्या. सुमनबाई नाई आली. तिची सून थोड्याशा मतांनी पडली. जावेनं मले गुलाल लावला — म्या हासून लावून घेतला. लाज कुठं गेली होती माही?

सुमनबाई आता नातवाले अंगणवाडीत सोडाले येते. परवा म्हणे, "ताई, त्या रोजी तुम्ही ताप आहे म्हणून सांगितलं ते बरं झालं. आठ-पंधरा दिवस गोठ्यात झोपली म्या, लेकराले हात नाई लावला. मत टाकाले बी नाई आली — आपल्यापाई कोणाले लागाले नको."

काही नव्हतं वो तिले. नुसतं ऊन होतं. मले तवाच माहीत होतं. आन परवाबी म्या मुंडी हालवली, "हाव" म्हटलं.