बाबा आणि हीटरचं बटण

आमच्या तारापूरकडे थंडी ती काय पडणार, असं लोक हसून म्हणतात. त्यांनी एकदा जानेवारीत सकाळी सहाला डायलिसिसवरच्या माणसाला शेजारी बसवून पालघरपर्यंत गाडी चालवून बघावी. दोन हिवाळे मी आठवड्यातून तीनदा हेच केलं. बाबांना दवाखान्यात न्यायचं, चार तास बाकड्यावर ताटकळायचं, त्यांना घरी सोडायचं आणि सेकंड शिफ्टला बोईसरच्या कारखान्यात पळायचं. नुसता थकलो नव्हतो, चिडका झालो होतो.

गाडी विजेवरची, जुनी घेतलेली. उन्हाळ्यात निभून जायचं, पण हीटर लावला की स्क्रीनवरचे किलोमीटर डोळ्यांदेखत कमी व्हायचे. पहिल्या थंडीत बाबांनी पाय पुढे सरकवले, थोडा वेळ वाट पाहिली आणि विचारलं, "इंजिन बंद हाय का?" ते बोटीवर तांडेल होते. जन्मभर सुकाणू हातात आणि इंजिनाच्या तापलेल्या फळीला पाठ, अशी त्यांनी थंडी काढलेली. चालत्या यंत्राला ऊब नसते हे त्यांना पटेना. इथे ऊब वेगळी लावावी लागते आणि ती बॅटरी खाते, हे मीच त्यांना सांगून बसलो. तिथेच चुकलं. त्या दिवसापासून मी हीटर लावला की ते बंद करायचे.

मग कानटोपी, दोन स्वेटर, आईची गोधडी आणि मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी. बोईसर येईपर्यंत पिशवी कोमट व्हायची, पालघरला नुसतं ओझं. माझे स्वतःचे हात स्टिअरिंगवर गारठायचे ते वेगळंच.

एकदा रात्रभर वीज नव्हती. गाडी अर्धीच चार्ज झालेली. दवाखान्यातून निघालो तेव्हा आभाळ झाकोळलेलं होतं आणि बोचरा वारा सुटला होता. डायलिसिसनंतर बाबांना नेहमीच हुडहुडी भरायची, पण त्या दिवशी त्यांचे दात वाजत होते. मी हीटर लावला. त्यांनी बंद केला. मी पुन्हा लावला. त्यांनी पुन्हा बंद केला.

"राहू दे. परतीला लागल."

माझा संयम सुटला. "बाबा, आपून परतच चाललोय! आता कोनासाठी राखायचं?"

ते काचेबाहेर बघत म्हणाले, "माजं काय आता. तुला शिफ्ट करून बोईसरशी घरी यायचं हाय ना?"

बोटीवर ते डिझेलचे तीन वाटे करायचे. जायचा, मासेमारीचा आणि परतीचा. जाळ्यात कितीही मासळी लागो, परतीच्या डब्याला कुणी हात लावायचा नाही. तो डबा बोटीवरच्या प्रत्येक माणसाचा असायचा. आमच्या गाडीत मात्र त्यांनी परतीच्या हिशेबात मला एकट्यालाच धरलं होतं.

मी गाडी कडेला घेतली. शिफ्टला येत नाही, असा कारखान्यात फोन केला आणि हीटर पूर्ण वाढवला. बाबांनी बटणाकडे एकदा पाहिलं, पण हात पुढे केला नाही. वाटेतलं पाम गाव मागे पडलं तेव्हा त्यांचे दात वाजायचे थांबले होते. थोड्या वेळाने मान कलली.

दारात पोचलो तरी मी त्यांना उठवलं नाही. हीटर तसाच चालू ठेवून बसून राहिलो. आई बाहेर आली, आम्हाला पाहून आत गेली. बाबांच्या छातीवरची गोधडी संथ वरखाली होत होती. मला रडू येत होतं, आणि ते नुसत्या मायेचं नव्हतं. दोन हिवाळे मी त्यांच्याशी हीटरवरून भांडलो, पण त्यांनी बटण बंद केलं की दर वेळी किलोमीटर वाचले म्हणून मनातून मला हायसंच वाटायचं.