इतिहास विभागाची पाटी

आक्कांमुळं माझं काम टिकलं, हे आधी सांगतो. त्या आमच्या बेळगावकडच्या. घरापासून दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासावर, देशातल्या एका मोठ्या विद्यापीठात इतिहास शिकवायच्या. तिथल्याच जुन्या दगडी इमारतीला रंग देणाऱ्या टोळीत मी होतो.

इमारत इंग्रजांच्या वेळची. एका सकाळी मुकादमानं दारावरची इतिहास विभागाची पाटी दाखवली. "ही खरवड आणि काळी कर. नवं नाव उद्या येतंय."

मी खरवडायची पत्ती खाली ठेवली. "इंजिनिअर साहेबांना येऊन सांगू दे, मग करतो."

मुकादम संकेश्वरचा. सगळ्यांसमोर हसला. "आरं, ही काय निपाणी हाय व्हय? हितं पाटीसाठी कोण दगड मारत न्हाय. खरवड, न्हायतर वळकटी उचल!"

वळकटी उचलली असती तर काम गेलं असतं आणि झोपायची शेडही. तरी हात उठेना. आमच्याकडं मराठी-कानडीच्या वादात एका पाटीला काळं फासलं तेव्हा अण्णा, माझा थोरला भाऊ, नुसता बघत उभा होता. जमावाबरोबर तोही धरला गेला. त्याच्या कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या, उसाकडं बघायला कोण उरलं नाही, आणि माझी नववी सुटली.

आमची बोली ऐकून आक्का आतून बाहेर आल्या. "कुठला रं तू?"

"सदलग्याचा."

"आणि पाटीला भितोस?"

मी अण्णाचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. इंजिनिअर साहेबांना बोलावून घेतलं आणि हुकूम त्यांचा आहे हे सगळ्यांदेखत त्यांच्या तोंडून वदवून घेतलं. आक्का मला म्हणाल्या, "आता खरवड. मी हाय हितं."

पांढऱ्या अक्षरांखाली निळी अक्षरं निघाली. "ही हितं वसतिगृह होतं तेव्हाची," आक्का म्हणाल्या. त्याखाली लाल निघाली. "ही कचेरी असतानाची." मग सगळंच भुकटी होऊन माझ्या पायावर पडलं.

"आक्का, मग तुमचा विभाग आता कुठं जाणार?"

"कुठं न्हाय. बंद केला."

मी थांबलो. त्या म्हणाल्या, "थांबू नको. तुझं काम तू कर." पाटी काळी होईपर्यंत त्या तिथंच उभ्या होत्या.

महिन्याभरात त्या मुलीकडं गेल्या, आणखी लांब. त्यांचं बेळगावातलं, अनगोळचं घर कुलपात आहे, भिंतींना ओल धरलीय असं जाताना म्हणाल्या. आक्का, गावी परतलो की ते घर मी आतून-बाहेरून रंगवून देईन. मजुरीचं नाव काढायचं नाही.